मुंडण उकाड्यामुळे केले

३१ मार्च

पाडवा काल झाला. नवीन वर्षाचे संकल्प कालच लिहायचे होते, पण काल वारा होता. वारा असला की मी छतावर असतो.

ही वही कोणी वाचू नये. बायकोला, म्हणजे सगुणाला, वाचता येत नाही आणि मुलगा हरिओम पुण्याला असतो, त्यामुळे काळजी नाही.

संकल्प एक. वाऱ्याला भ्यायचे नाही. सोलर बसवून महिना झाला, अजून एकही पॅनल उडालेले नाही. संकल्प दोन. इन्व्हर्टरचा दिवा हिरवा आहे की लाल, हे सारखे बघायचे नाही. जेवणाआधी आणि जेवणानंतर, बस. संकल्प तीन. बापूंना दिवसातून एकच मेसेज करायचा.

तिसरा संकल्प बापूंच्याच भल्यासाठी आहे. बापू म्हणजे 'छतावरची वीज' या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे एक म्हातारे. गेवराईकडचे कुठले तरी. मी त्यांना पाहिलेले नाही. फोटोच्या जागी त्यांनी एक बैल ठेवला आहे. आवाज घोगरा, मधूनमधून खोकला. मला ग्रुपवर हरिओमने घातले, कारण मी त्याला ऑफिसात सारखा फोन करत होतो, असे त्याचे म्हणणे. ग्रुपवर सगळे शिकलेले, निम्मे इंग्रजीत बोलतात. मी सातवीत शाळा सोडली आणि जन्म इथे मानवतला जिनिंगच्या काट्यावर कापूस तोलण्यात घालवला. पहिल्याच दिवशी मी विचारले, पॅनलचा करंट भिंतीतून उतरून माणसाला झोपेत लागतो का? कोणी उत्तर दिले नाही. दोघांनी हसणारी तोंडे टाकली. बापूंनी मात्र मला एकट्याला बोलून मेसेज पाठवला. तेव्हापासून रोज सकाळी चालू आहे.

माझा अंदाज, त्यांना बोलायला कोणी नाही. एकटा जीव असावा. म्हणून मी मुद्दाम काहीतरी विचारत असतो. तेवढाच त्यांचा वेळ जातो.

३ एप्रिल

भर दुपारी लाईट गेली.

सगळ्या गल्लीला सांगून ठेवले होते की आता माझ्या घरची लाईट कधी जाणार नाही, मोबाईल चार्ज करायचा तर लाजू नका. ऊन असे की पत्र्यावर पापड भाजावा. पॅनल चकाचक. आणि घरातला पंखा बंद! शेजारची चांगुणाबाई चार्जर घेऊन दारात. म्हणाली, काय ओ भुजंगराव, सूर्याला बी लोडशेडिंग हाय का?

वाटले, सगळे जळाले. बापूंना मेसेज केला. लगेच उत्तर आले. म्हणाले, भुजंगराव, मेन लाईन गेली की आपलं बी मुद्दाम बंद पडतंय. न्हाईतर आपली वीज उलटी तारंत जाईल आन् खांबावर चढलेला लाईनमन मरंल. ते शहाणं हाय म्हनून थांबलंय. तुमी बी जरा थांबा.

मी बाहेर जाऊन गल्लीला सांगितले की लाईनमनच्या जिवासाठी मी माझी वीज बंद ठेवली आहे. सगळे गप्प झाले. आदराने झाले असावेत. चांगुणाबाई म्हणाली, मग त्या लाईनमनला म्हनावं, लवकर उतर बाबा.

६ एप्रिल

सकाळी वानरांची टोळी. एक मोठे वानर पॅनलवर बसले. नुसते बसले नाही, पाठ टेकून बसले. मी जिन्यातून हुसकावले. ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली आलो.

बापू म्हणाले, बसू द्या. काच तापली की आपसूक उठतंय.

तसेच झाले. बापूंना कळवले की मी हुसकावले. ते म्हणाले, वाघ हाव तुमी. बापूंना माणसाची पारख आहे.

आज बरेच मेसेज झाले, पण सगळे एकाच वानराविषयी होते, म्हणून एकच धरायचा. संकल्प मोडला नाही.

९ एप्रिल

दुपारपासून आभाळ. अवकाळीचा वारा. पत्रे वाजायला लागले. मागच्या गल्लीत एकाचे कुक्कुटपालनाचे शेड उडाल्याचे ऐकले. नंतर कळले, मागच्या साली उडाले होते. पण उडाले होते, हे खरे.

म्हशीचे दावे अजून घरात आहे. ते पॅनलच्या चौकटीला बांधले, वरून आडवे घेतले आणि दुसरे टोक अंगणातल्या खुंट्याला. दोनदा गाठ मारली. चांगले दिसत होते. फोटो काढून बापूंना पाठवला, त्यांनाही उपयोग होईल म्हणून.

बापू हसले. किती तरी वेळ हसले. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता परत हसले. म्हणाले, भुजंगराव, ते काय गोऱ्हं हाय का सुटून जायला? खालून बोल्ट हाईत की त्याला. दाव्याची सावली पडली की पॅनल झोपी जातंय. सोडा ते.

मला राग आला. माझ्या घरावर वारा आणि ह्यांना हसू. मी मेसेज बोलून पाठवला. तुम्ही तुमच्या घरचे बघा. माझ्या छताची काळजी तुम्हाला नको. आजपासून मी तुम्हाला काहीही विचारणार नाही.

आवाज ठणठणीत लागला. मला इतके बोलता येते हे माहीत नव्हते. दावे सोडलेले नाही.

१० एप्रिल

बापूंचा मेसेज नाही. चूक समजली असावी.

मेसेज आलेला नाही याची खात्री करण्यासाठी मोबाईल बघावा लागतो. त्यात दिवस जातो.

११ एप्रिल

मेसेज नाही. म्हाताऱ्या माणसाला एवढा राग शोभत नाही.

दुपारी इन्व्हर्टरचा दिवा लाल! मेन बटन दाबायला धावलो. मग कळले, सगुणाने समोर लाल लुगडे वाळत घातले होते, त्याचा रंग काचेत दिसत होता. बापूंना सांगण्यासारखे होते. सांगितले नाही. मी शब्दाचा पक्का आहे.

१२ एप्रिल

हनुमान जयंतीचे चित्र सगळ्यांना पाठवताना बापूंना पण चुकून गेले. उत्तर नाही. गेवराईकडे नेटवर्क नसते म्हणतात.

१३ एप्रिल

लिहून पाठवले, मी रागात बोललो असे वाटून घेऊ नका, मी रागात नव्हतो. मग वाटले, ही माफी झाली. पुसून टाकले. तर तिथे, मेसेज पुसला, असे लिहून आले. म्हणजे आता त्यांना वाटेल, काय पुसले? म्हणून लिहिले, काही विशेष नव्हते. मग नुसतेच कसे दिसते म्हणून लिहिले, दावे सोडायचे का?

हे विचारणे नव्हे. हे काम आहे.

उत्तर नाही. सगुणा म्हणाली, काय हाय त्या मोबाईलात? अंडी घातल्यावानी बसून ऱ्हाता त्याच्यावर. मी म्हणालो, बातम्या.

१४ एप्रिल

दुपारी ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. कोणाचा तरी वाढदिवस दिसतो, असे समजून मीही एक केक टाकला. मग वर सरकवून वाचले.

आपले जुने सदस्य बापू ११ तारखेला सकाळी गेले. हृदयविकार. दहावा २० तारखेला त्यांच्या गावी, गोदाकाठी. खाली गावाचे नाव.

केक घाईने डिलीट केला. मग राजेश्रीला, म्हणजे सुनेला, फोन करून विचारले तर ती म्हणाली, बाबा, तो फक्त तुमच्या मोबाईलमधून गेला, बाकी सगळ्यांना दिसत असेल.

हात जोडणे संपायच्या आत एकाने विचारले, छत थंड राहायला पांढरा रंग कोणता मारावा? त्याला सगळ्यांनी उत्तरे दिली.

मी काही केले नाही. आंघोळ केली. अंगावरच्या कपड्यांसकट केली. उकाडा होता. सगुणा म्हणाली, कुनाच्या मातीला जाऊन आलात? मी म्हणालो, मी कुठे जाणार, दिवसभर घरात आहे. हे खरे आहे.

मी रागाने बोललेला तो मेसेज उघडून बघितला. त्याच्यापुढचा माईक निळा झाला आहे. म्हणजे तो ऐकला गेला. बापूंनी ऐकला. ९ ला पाठवला, ११ ला ते गेले. मधल्या वेळात ऐकला. माझ्याशी बोलायचे नाही असे ठरवून गेले का? एवढे एकच कळायला पाहिजे. दुसरे काही नाही. पण ते सांगणारे तेच होते.

१५ एप्रिल

नीट विचार केला. बापू माझे भावकीतले नाहीत. सोयरे नाहीत. गाववाले नाहीत. जातपात माहीत नाही. ज्याचे जिवंतपणी तोंड पाहिले नाही, त्याचे मेल्यावर सुतक कसे लागेल? लागत नाही. विषय संपला. नेहमीसारखे राहायचे.

सगुणाने शिरा केला. मी खाल्ला नाही. म्हणालो, शुगर. ती म्हणाली, शुगर कवा निगाली? मी म्हणालो, आज. भाजीला फोडणी देऊ नको म्हणालो. रात्री पलंग टोचत होता म्हणून खाली घोंगडीवर पडलो. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, गोड नको, फोडणी नको, पलंग नको. कुनाचं सुतक पाळायलेत तुमी?

मी म्हणालो, डॉक्टरने सांगितले. कोणत्या डॉक्टरने, हे विचारायच्या आत घोरायला लागलो.

१६ एप्रिल

सगुणा सकाळच्या एसटीने सोनपेठला बहिणीकडे गेली. उद्या येईल.

उकाडा फार. केसांमुळे डोके तापते, हे कोणीही मान्य करील. बालाजीच्या दुकानात जाऊन मुंडण केले. दहाव्याच्या दिवशी केले असते तर लोकांनी भलता संबंध जोडला असता. म्हणून आधीच केले. असे सगळीकडून बघावे लागते.

वस्तरा फिरवून झाल्यावर बालाजीने विचारले, काका, मिशी बी? मी म्हणालो, काढ.

बालाजीचा हात थांबला. त्याने टीव्हीवरचे गाणे बंद केले. बाकावरचे गिऱ्हाईक उठून उभे राहिले. मिशी काढल्यावर त्याने मला पाणी दिले आणि हळू आवाजात म्हणाला, घरी जाऊन पडा काका. कसा आहे बघा हा पोरगा. उन्हाची काळजी करतो.

१७ एप्रिल, दुपार

सकाळी चांगुणाबाई डोक्यावर पदर घेऊन आली आणि काही न बोलता ओसरीवर बसली. मग तिच्या जावा. मग समोरचे दोघे. मग जिनिंगमधले जुने लोक, टोप्या हातात घेऊन. कोणीतरी किटलीत चहा आणला. कोणी पिठलं-भाकरी झाकून ठेवली. सगळे जमिनीकडे बघत होते. अशा वेळी कोण गेले, असे विचारायची पद्धत नाही. ज्याला माहीत नसते त्याला वाटते, बाकी सगळ्यांना माहीत आहे, आपणच कसे विचारावे. मीही गप्प बसलो. मी गप्प बसलेला बघून ते जास्तच गप्प झाले.

मला सांगायचे होते की उकाड्यामुळे केले. पण जिनिंगमधला एक म्हातारा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. तो हात उचलून ठेवून, उकाडा होता, असे कसे म्हणायचे? आणि हात बरा वाटत होता.

तेवढ्यात सगुणा आली.

तिने दारातून ओसरी बघितली. बायकांचे पदर बघितले. माझे डोके बघितले, मग मिशी. पिशवी सुटली, वांगी अंगणात गेली. ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, हरी?

मला नाही म्हणायचे होते. तोंडात शब्दच नाही. ती उंबऱ्यात बसली. बायकांनी तिला धरले आणि सगळ्या एकदम रडायला लागल्या. चांगुणाबाई म्हणाली, सगुणे, धीर धर माय. सगुणा म्हणाली, कवा गेला?

कोणालाच माहीत नव्हते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, अकरा तारखेला.

ती रडायची थांबली. म्हणाली, अकरा? मंग काल राती सोनपेठला माझ्यासंगं फोनवर कोन बोलत होतं?

पुण्याला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. मग हरिओमने उचलला. सगुणा त्याला म्हणाली, मुडद्या, जित्ता हाईस तर लवकर उचलायला काय झालतं? आणि फोन छातीशी धरून खरी रडली.

लोक उठून गेले. जिनिंगमधल्या म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. चांगुणाबाई बोलली, पण ते लिहीत नाही. पिठलं परत घेऊन गेली. भाकरी ठेवली.

सगुणाने तोंड पुसले आणि विचारले, कोन गेलंय मग?

मी म्हणालो, कोणी नाही. उकाडा.

तिने माझ्याकडे असे बघितले की मी छतावर गेलो.

१७ एप्रिल, संध्याकाळ

आणखी एक संकट. झरीहून आश्रुबादादा आला. माझा थोरला भाऊ. जीपमधून उतरला, तर त्याचेही डोके तासलेले. मिशी पण नाही.

मला वाटले, खरेच कोणीतरी गेले. त्यालाही तेच वाटत होते. दोघे भाऊ अंगणात एकमेकांची टाळकी बघत उभे.

दादा म्हणाला, बाजारात कळालं, भुजंगानं डोई केली. भावकीत कोन गेलं ते कुनाला सांगता येईना. मला सांगावा न्हाई याचा राग आला, पर सुतक ते सुतक. तुला आलं म्हंजी मला बी आलं. येता येता करून आलो. आता सांग, कोन गेलं?

सगुणा दाराआड उभी होती. तिची बांगडी वाजली.

मी म्हणालो, बापू. दादा म्हणाला, कोनते बापू? मी म्हणालो, ग्रुपवरचे. दादा म्हणाला, ह्ये ग्रुप कोनत्या तालुक्यात आलं?

सगळे सांगावे लागले. वानर, लाईनमन, दावे, राग, निळा माईक. दादा डोक्यावरून हात फिरवत ऐकत होता. म्हणाला, तोंड बघितलंस का त्यांचं? म्हणालो, नाही. म्हणाला, नाव काय, आडनाव काय? तेव्हा माझ्या लक्षात आले की मला ते माहीत नाही. बापू म्हणजे बापू.

दादा ओसरीच्या कडेला बसला. मग म्हणाला, भुजंगा, आपला बाप गेला तवा तू मिशी काढू दिली न्हाईस. न्हाव्याचा हात धरलास.

मी म्हणालो, तेव्हा थंडीचे दिवस होते.

दादा म्हणाला, आता ही केस काय परत चिकटत न्हाईत. तुजी बी गेली, माजी बी गेली. फुकट घालवायची का? दहावा कवा हाय?

मी नको म्हणालो. त्या लोकांना काय सांगायचे? आतून सगुणा म्हणाली, भाऊजी, घेऊन जा त्यास्नी. न्हाईतर ह्ये घरातच बसून एकेकाला मारतील.

२० एप्रिल, एसटीत

पहाटे निघालो. पाथरी, माजलगाव, मग गेवराईची गाडी. पिशवीत टॉवेल-टोपी घेतली आहे, दुखवट्याची. दादाने घ्यायला लावली.

माझे ठरले आहे. लांबून बघायचे. नमस्कार करायचा. कोणी विचारले तर रस्ता चुकलो म्हणायचे. कोणी रागाने बघितले तर समजायचे की बापूंनी घरी सांगितले होते. मग लगेच परत.

दादाने भजी आणली, मी घेतली नाही. बस लागली असावी.

२१ एप्रिल

काल घडले ते.

लांबून बघता आले नाही. घाटावर भावकीच्या लोकांची डोकी करायला नुकती सुरुवात झाली होती, आणि आम्ही दोघे तयार डोक्यांनी उतरलो. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. थेट पुढे, बापूंच्या मुलांच्या शेजारी नेऊन बसवले. एक-दोन म्हाताऱ्या आमच्याकडे बघून रडल्या. मग कुजबुज सुरू झाली. हे कोण? आपल्याआधी डोई केलेले? कोणाकडचे? बापूंच्या घरात कोणालाच सांगता येईना.

मी एकटा जीव समजत होतो. तिथे मुले, सुना, नातवंडे, पुतणे, अख्खे गाव. माझा अंदाज थोडा चुकला.

एक उंच गृहस्थ आले. दिनकरराव, बापूंचे चुलत भाऊ. म्हणाले, पाव्हणं कोनाकडचे? मी म्हणणार होतो, रस्ता चुकलो. त्याआधी दादा छाती काढून म्हणाला, आमी जवळचे.

दिनकररावांचा चेहरा बदलला. त्यांनी आम्हाला बाभळीमागे नेले. चार-पाच तरणी पोरे मागे येऊन उभी राहिली. दिनकरराव दबक्या आवाजात म्हणाले, साफ बोला. आमच्या चुलत्याचं, म्हंजी बापूच्या वडलांचं, दुसरं बिऱ्हाड होतं असं कानावर कवा आलं न्हाई. पर शेताच्या वाटणीचं काढायला आला असाल तर आजचा दिस न्हाई.

दादा भडकला. म्हणाला, आमची आमाला हाय जमीन, झरीच्या शिवारात, काळीभोर! तुमच्या ढेकळाला कोन विचारतंय? एक पोरगा पुढे सरकला. दुसऱ्याने बाही वर केली. मी मधे उभा. मला सांगायचे होते, मी ग्रुपवरचा आहे, सोलरचा आहे, मानवतचा आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग तोंडातून जे आले ते आले. मी म्हणालो, दावे सोडायचे का नाही, तेवढे विचारायचे राहिले होते.

कोणाला काही कळले नाही. दादाने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात बायकांमधून एक मुलगी उठली. बापूंची धाकटी लेक, ईश्वरी. ओरडून म्हणाली, आई, घाबरट आले! अगं, घाबरट मानवत आले!

आणि ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. धावत येऊन तिने बापूंचा मोबाईल मला दाखवला. माझ्या नंबरावर नाव होते, घाबरट मानवत.

नाव चुकून पडले असावे. मोबाईल स्वतःच शब्द बदलतो, हे मी ऐकले आहे.

मग त्या आल्या. प्रभावतीबाई, बापूंच्या पत्नी. दोन बायकांनी धरलेल्या. माझ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, सोडलं का दावं? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, सोडा. सावली पडती त्याची.

पोरांच्या बाह्या खाली आल्या. दिनकरराव एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत होते.

प्रभावतीबाईंनी सांगितले, सकाळी चहाला अख्खं घर मोबाईलभवती बसत असे. घाबरटाचं काय आलं बघा, म्हणून. माझे वानर तिथे सगळ्यांच्या तोंडपाठ. मी हुसकावले नाही हेही त्यांना माहीत होते. कसे, ते कळले नाही.

मला विचारायचे होते ते विचारवेना. दादाने विचारले. म्हणाला, वैनी, त्यो रागाचा मेसेज त्यांनी ऐकला व्हता का? ह्यो त्याच्यापायी जेवना.

त्या म्हणाल्या, दवाखान्यात ऐकला की. दहा तारखेला. पुन्ना पुन्ना ऐकला. सिस्टरला बी ऐकवला. म्हनले, बघ, घाबरट चिडलाय, आवाज किती मोठा निगाला त्याचा! इतकं हसले की सिस्टर रागावली. म्हनले, घरी गेलो की ह्याला मेसेज न्हाई, फोनच लावतो. एकदा तरी समोरासमोर भांडू.

मी मान हलवली. काहीतरी बोलायला पाहिजे होते. मी म्हणालो, माझा नंबर चालूच असतो.

टॉवेल-टोपी थोरल्या मुलाच्या हातात दिली. आम्ही निघायला लागलो तर त्यांनी आम्हालाही टॉवेल-टोपी आणली, भावकीला देतात तशी. मी म्हणालो, आम्हाला चालत नाही, आम्ही भावकीतले नाही. दिनकररावांनी ऐकले नाही. स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर टोपी घातली. केस नसल्यामुळे ती मोठी झाली, पार डोळ्यांवर येत होती. ते बरे झाले.

घाटावर हार घातलेल्या बापूंच्या फोटोखाली त्यांचे खरे नाव लिहिले होते. वाचले. इथे लिहीत नाही.

२२ एप्रिल

नवे संकल्प. एक. आता कोणाला काही विचारायचे नाही. माझे मला कळते. दावे सकाळीच सोडले. दोन. ते चुकून पडलेले नाव घरात कळू द्यायचे नाही. दादाला गाडीतच आईची शपथ घातली आहे. सगुणाला सांगितले की बापूंनी माझे नाव मानवतचे साहेब असे ठेवले होते. ती बरं म्हणाली.

छतावर बोल्ट बघत होतो. खालून हाक आली, ओ घाबरट, च्या झालाय!

तिथूनच दादाला फोन लावला. म्हणालो, आईची शपथ मोडलीस. तो म्हणाला, मी कायबी बोललो न्हाई, माजी डोई अजून चुनचुनायलीय, मला दुसरे उद्योग हाईत.

खाली येऊन सगुणाला विचारले, हे नाव तुला कोणी सांगितले? ती म्हणाली, कोन कशाला सांगंल? लगीन झाल्यापासून मी मनात ह्येच म्हनायले. तुमी काल साहेब म्हनलात, तवा हसू आलं आन् तोंडातून सुटलं.

सकाळपासून हेच डोक्यात आहे. आठवले की हसू येते. मोबाईल दोनदा हातात घेतला, परत ठेवला. ही गोष्ट सांगण्यासारखा एकच माणूस होता.